पाप, गुन्हा आणि माणूस : समलिंगी हक्कांच्या चळवळीत धर्मगुरूंनी काय केलं?



दहावीच्या राज्यशास्त्रात सामाजिक चळवळींचा पाठ आहे. तो शिकवताना एका मुलाने हात वर केला आणि विचारलं, "बाई, कोर्टाने ३७७ काढलं म्हणतात, पण धर्म तर त्याच्या विरोधातच आहे ना? मग कोण बरोबर?" वर्गात खसखस पिकली. मागच्या बाकावरचा एक मुलगा मात्र हसला नाही. तो मान खाली घालून वहीच्या कोपऱ्यात रेघोट्या मारत बसला. मी "पुढच्या तासाला सांगते" म्हणून वेळ मारून नेली. पुढच्या तासाला घटक चाचणी आली आणि ते उत्तर राहूनच गेलं.

ते राहिलेलं उत्तर आज लिहिते आहे. प्रश्न विचारणाऱ्या मुलासाठी, आणि त्याहून जास्त त्या न हसलेल्या मुलासाठी.

आधी प्रश्न नीट समजून घेऊ

"धर्म विरोधात आहे" असं आपण सहज म्हणून जातो. पण धर्म स्वतः बोलत नाही, धर्माच्या वतीने माणसं बोलतात. कुणी पाद्री असतो, कुणी मौलवी, कुणी महाराज, कुणी रब्बी. ही सगळी माणसं एकाच सुरात बोललेली नाहीत. समलिंगी व्यक्तींच्या हक्कांचा इतिहास बघितला तर धर्मगुरू दोन्ही बाजूंना दिसतात. काहींनी विरोधाचं नेतृत्व केलं, आणि काहींनी कुणीच सोबत नव्हतं तेव्हा सोबत केली. आपल्याकडे पहिली बाजू बरीच माहीत असते, दुसरी फारशी कुणी सांगत नाही. म्हणून आज दोन्ही बघू.

इंग्लंड : पाप वेगळं, गुन्हा वेगळा

सुरुवात इंग्लंडपासून करावी लागते, कारण आपलं ३७७ कलम तिथूनच आलं. इंग्लंडमध्ये अशा संबंधांचा न्याय पूर्वी चर्चची न्यायालयं करत. १५३३ साली आठव्या हेन्री राजाच्या काळात त्यावर राज्याचा कायदा झाला आणि शिक्षा ठरली मृत्युदंड. म्हणजे जे धर्माच्या दृष्टीने पाप होतं ते सरकारच्या दृष्टीने गुन्हा झालं. पुढे ब्रिटिशांनी १८६० साली भारतीय दंड संहिता तयार केली, १८६२ पासून ती लागू झाली, आणि त्यात ३७७ कलम आलं. ज्याला आपण कधी कधी "आपली संस्कृती" म्हणून जपायला जातो, तो कायदा बोटीतून आला होता, हे मुलांना जरूर सांगावं.

गंमत अशी, की पाप आणि गुन्हा यांची घातलेली ती गाठ सोडवायला इंग्लंडमध्ये मदत केली ती धर्मगुरूंनीच. १९५० च्या सुमारास तिथे समलिंगी पुरुषांवर खटल्यांचा सपाटा चालू होता. लोकांच्या नोकऱ्या जात, वर्तमानपत्रात नावं येत, काही जण आत्महत्या करत. त्या वेळी चर्च ऑफ इंग्लंडच्या नैतिक कल्याण मंडळाने या विषयाचा अभ्यास केला आणि १९५४ साली एक छोटा अहवाल काढला. डेरिक शेर्विन बेली नावाच्या धर्मगुरूंचा त्यात मोठा वाटा होता. त्यांनी १९५५ मध्ये बायबल आणि चर्चची परंपरा यांचा धांडोळा घेणारं पुस्तकही लिहिलं. मंडळाचं म्हणणं थोडक्यात असं होतं : चर्च याला पाप मानतं, पण प्रत्येक पापासाठी पोलीस पाठवायचे नसतात. खोटं बोलणं पाप आहे, व्यभिचार पाप आहे, पण त्यासाठी आपण माणसाला तुरुंगात टाकत नाही. मग इथेच का?

१९५४ मध्येच सरकारने सर जॉन वुल्फेंडन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीच्या सदस्यांमध्ये धर्मगुरूही होते. १९५७ च्या सप्टेंबरमध्ये अहवाल आला. प्रौढ व्यक्तींनी संमतीने, खासगीत ठेवलेला संबंध गुन्हा असू नये, अशी त्यात शिफारस होती. तेव्हाचे कँटरबरीचे आर्चबिशप जेफ्री फिशर यांनी या भूमिकेला पाठिंबा दिला. त्यांच्यानंतरचे आर्चबिशप मायकेल रॅम्सी यांनी हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये कायदा बदलण्याच्या बाजूने भूमिका घेतली. १९६७ साली कायदा बदलला.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. फिशर किंवा रॅम्सी हे काही समलिंगी संबंधांना चांगलं मानत होते असं नाही. दोघांच्याही मते ते पापच होतं. तरीही ते कायद्याच्या विरोधात उभे राहिले, कारण कायद्यामुळे होणारा छळ त्यांना मान्य नव्हता. "मला पटत नाही, पण म्हणून तुला तुरुंगात टाकू देणार नाही," ही भूमिका मुलांना समजली तर अर्धं नागरिकशास्त्र समजलं असं मी म्हणेन. ख्रिस्ती धर्मातल्याच क्वेकर पंथाचा एक गट तर आणखी पुढे गेला. १९६३ साली त्यांनी काढलेल्या पुस्तिकेत समलिंगी प्रेमाकडे पाप म्हणून न बघता, त्या नात्यात जिव्हाळा आणि जबाबदारी आहे का ते बघावं, असा विचार मांडला होता.

आता याची दुसरी बाजू. १९६७ चा कायदा फक्त इंग्लंड आणि वेल्सपुरता होता. उत्तर आयर्लंडमध्ये तो लागू होऊ नये म्हणून इयन पेस्ली या पाद्री आणि राजकीय नेत्याने १९७७ मध्ये मोठी मोहीम उभारली, सह्या गोळा केल्या. शेवटी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या १९८१ च्या निकालानंतर, १९८२ साली तिथला कायदा बदलला. म्हणजे एकाच देशात, एकाच धर्मात एका धर्मगुरूने दार उघडलं, तर दुसरा दाराला पाठ लावून उभा राहिला.

सॅन फ्रान्सिस्को : नववर्षाचा तो कार्यक्रम

ही गोष्ट वर्गात सांगितली तर मुलं हमखास ऐकतात.

१९६० च्या दशकात अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात घरातून हाकलून दिलेली बरीच तरुण मुलं रस्त्यावर राहत होती. त्यातली कित्येक समलिंगी होती. ग्लाइड मेमोरियल या मेथडिस्ट चर्चचे तरुण पाद्री टेड मॅकइल्वेना या मुलांमध्ये काम करत होते. त्यांच्या लक्षात आलं, की या मुलांना मदत करायची तर आधी समलिंगी लोकांचं म्हणणं ऐकायला हवं, आणि चर्चमध्ये तर कुणी त्यांच्याशी बोलतही नव्हतं. १९६४ च्या उन्हाळ्यात त्यांनी काही पाद्री आणि काही समलिंगी कार्यकर्ते यांना शहराबाहेर एका ठिकाणी एकत्र राहायला बोलावलं. डेल मार्टिन आणि फिलिस लायन या दोघी त्यात होत्या. १९५५ मध्ये त्यांनी समलिंगी स्त्रियांची संघटना स्थापन करण्यात पुढाकार घेतला होता. तिथे पाद्र्यांनी प्रवचन द्यायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं असा प्रकार नव्हता. दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसून बोलली. त्यातून त्या वर्षाच्या शेवटी धर्म आणि समलिंगी व्यक्ती या विषयावर काम करणारी एक परिषद स्थापन झाली.

परिषदेला पैसे हवे होते, म्हणून १ जानेवारी १९६५ च्या रात्री कॅलिफोर्निया हॉलमध्ये नृत्याचा कार्यक्रम ठरला. पाद्री आधी पोलिसांना जाऊन भेटले. पोलिसांनी कार्यक्रम रद्द करावा म्हणून बरंच दडपण आणलं, पण शेवटी अडवणार नाही असं ठरलं.

प्रत्यक्षात काय झालं? हॉलच्या दारावर पोलिसांनी प्रखर दिवे लावले आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाचे फोटो काढायला सुरुवात केली. आलेल्या लोकांसाठी फोटो म्हणजे काय होतं, ते लक्षात घ्या. तो फोटो मालकाच्या हातात पडला तर नोकरी गेली, घरमालकाच्या हातात पडला तर घर गेलं. तरीही शेकडो लोक आत गेले. मग पोलीस "तपासणी"साठी आत शिरू लागले. दारावर थांबलेल्या वकिलांनी वॉरंट मागितलं, तर वकिलांनाच अटक झाली. तिकिटं घेणाऱ्या एका बाईंनाही पकडलं.

असे छापे त्या काळात नेहमीच पडत. पण या वेळी पाद्री आणि त्यांच्या बायका तिथे हजर होत्या. त्यांनी सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी पाद्री गळ्यात आपली पांढरी कॉलर घालून पत्रकार परिषदेला बसले आणि पोलिसांनी शब्द मोडला, लोकांना धमकावलं, असं जाहीरपणे सांगितलं. वर्तमानपत्रांनी बातमी छापली. नागरी हक्कांसाठी लढणारी संघटना वकिलांच्या मदतीला आली. खटला उभा राहिला तेव्हा बचाव पक्षाची बाजू मांडण्याआधीच न्यायाधीशांनी आरोपींना निर्दोष ठरवायला सांगितलं.

इथे थांबून मुलांना विचारावं, "हीच तक्रार समलिंगी लोकांनी केली असती तर काय झालं असतं?" उत्तर मुलंच देतात : कुणी ऐकलंच नसतं. सत्य तेच होतं, पण ते सांगणाऱ्याची पत वेगळी होती. धर्मगुरूंनी आपली पत त्या लोकांच्या मागे उभी केली. हक्क मागणारे लोक आधीपासून लढत होते. पाद्र्यांनी चळवळ सुरू केली असं म्हणणं चुकीचं होईल. त्यांनी साक्ष दिली, आणि साक्षीचं मोल त्या वेळी फार मोठं होतं.

ट्रॉय पेरी : बाहेर काढलेला पाद्री

आतापर्यंतचे धर्मगुरू बाहेरून मदत करणारे होते. ट्रॉय पेरी यांची गोष्ट वेगळी. ते पेंटेकोस्टल पंथाचे पाद्री, अगदी किशोरवयापासून प्रवचन करणारे. ते समलिंगी आहेत हे कळल्यावर त्यांना पाद्रीपदावरून काढलं गेलं. संसार मोडला. एकदा त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. त्यातून वाचल्यावर ६ ऑक्टोबर १९६८ रोजी लॉस एंजेलिसजवळच्या आपल्या घरात त्यांनी प्रार्थना ठेवली. बारा जण आले. त्या बारा जणांतून मेट्रोपॉलिटन कम्युनिटी चर्च उभं राहिलं आणि पुढे अनेक देशांत पसरलं. ज्यू धर्मातल्या समलिंगी लोकांना १९७२ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये आपलं सिनेगॉग सुरू करतानाही या चर्चने हात दिला. एका धर्माच्या चर्चने दुसऱ्या धर्माच्या मंदिराला जागा करून द्यावी, हे मला फार मोलाचं वाटतं.

२८ जून १९७० ला लॉस एंजेलिसमध्ये जो पहिला अभिमान मोर्चा निघाला त्याच्या आयोजकांत पेरी होते. पोलिसांनी परवानगीसाठी लाखो डॉलरच्या हमीची अट घातली होती, ती कोर्टात टिकली नाही.

या धैर्याची किंमत मोठी होती. जानेवारी १९७३ मध्ये त्यांच्या चर्चची इमारत आगीत जळाली. त्याच वर्षी २४ जूनला न्यू ऑर्लिन्स शहरात समलिंगी लोक जमायचे त्या एका बारला आग लागली आणि ३२ जण गेले. त्यात याच चर्चचे स्थानिक पाद्री आणि अनेक सदस्य होते. मेलेल्यांसाठी प्रार्थना करायलाही शहरातली बहुतेक चर्च तयार नव्हती. एपिस्कोपल चर्चचे पाद्री विल्यम रिचर्डसन यांनी आपलं चर्च उघडलं आणि छोटी प्रार्थना केली, तर त्यांना त्यांच्याच बिशपांची आणि लोकांची बोलणी खावी लागली. आपल्याकडे शत्रूच्याही मयताला जातात म्हणतात. तिथे त्या दिवशी रिचर्डसन यांच्यासारखे एक-दोघंच गेले.

दक्षिण आफ्रिका : ज्याने एक अन्याय ओळखला

आर्चबिशप डेस्मंड टुटू हे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांना परकं नाही. वर्णभेदाविरुद्धच्या लढ्यासाठी १९८४ साली त्यांना नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. टुटू यांचा मुद्दा साधा होता : कातडीचा रंग माणूस निवडत नाही, तसंच प्रेमाचा कलही निवडत नाही. जे निवडलेलंच नाही त्याची शिक्षा कशी द्यायची? दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या संविधानाने लैंगिक कलावरून भेदभाव करायला बंदी घातली. जगातली अशी स्पष्ट तरतूद त्या देशाने सर्वांत आधी केली. २००६ मध्ये तिथे समलिंगी विवाहालाही कायद्याने मान्यता मिळाली.

पण कायदा बदलला म्हणजे सगळं बदललं असं नाही. टुटू यांची मुलगी म्फो स्वतः पाद्री. तिने एका स्त्रीशी लग्न केलं तेव्हा तिथल्या चर्चच्या नियमांमुळे तिला पाद्रीपणाचं काम सोडावं लागलं. आणि त्याच देशात मुहसिन हेन्ड्रिक्स नावाचे इमाम होते. आपण समलिंगी आहोत हे १९९६ मध्ये जाहीर करून ते समलिंगी मुसलमानांसाठी काम करत राहिले. १५ फेब्रुवारी २०२५ रोजी गोळ्या घालून त्यांचा खून झाला. हा विषय फक्त मतमतांतराचा नाही, त्यात माणसांचे जीव जातात.

आपल्याकडे काय घडलं?

२ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांमधल्या संमतीच्या संबंधांपुरतं ३७७ कलम घटनाबाह्य ठरवलं. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जाणाऱ्यांत एक ज्योतिषी होते, मुस्लिम व्यक्तिगत कायदा मंडळ होतं, ख्रिस्ती संघटना होत्या, हिंदू परंपरेचं नाव घेणारेही होते. एरवी एका व्यासपीठावर न येणारे इथे एकत्र आले. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला.

पण त्याच आठवड्यात वेगळे सूरही ऐकू आले. मुंबईचे आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस यांनी समलिंगी विवाहाला आपला विरोध आहे हे स्पष्ट सांगितलं, पण या लोकांना गुन्हेगार ठरवू नये असंही सांगितलं. म्हणजे इंग्लंडमधली १९५४ ची तीच भूमिका : पाप वेगळं, गुन्हा वेगळा. श्री श्री रविशंकर यांनीही हिंदू संस्कृतीत हा गुन्हा मानलेला नाही असं म्हणून निकालाशी असहमती दाखवली. पुढे २०२३ च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनीही समलिंगी असणं हा गुन्हा नाही असं एका मुलाखतीत सांगितलं.

६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी एकमताने प्रौढांच्या संमतीचे संबंध गुन्ह्याच्या बाहेर काढले. विवाहाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मिळाला नाही. त्या खटल्यातही काही धार्मिक संघटनांनी विरोध नोंदवला होता.

महाराष्ट्राशी थेट नातं असलेलं उदाहरण म्हणजे ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी. तृतीयपंथी असणं आणि समलिंगी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची सरमिसळ करू नये. पण धर्म आणि हक्क यांचा विचार करताना हे उदाहरण उपयोगी पडतं. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा १५ एप्रिल २०१४ चा निकाल ज्या खटल्यात लागला, त्यात लक्ष्मी सहभागी होत्या. नंतर २०१५ मध्ये किन्नर आखाडा स्थापन झाला आणि २०१६ च्या उज्जैनच्या सिंहस्थात तो उतरला. त्यांनी धर्माकडे पाठ न फिरवता, धर्माच्या मांडवात आपली जागा मागितली.

मग "कोण बरोबर?"

आता त्या मुलाला मी असं उत्तर देईन. "बाळा, धर्म काय म्हणतो यावर धर्मातल्याच माणसांचं एकमत नाही. म्हणून देशाचा कायदा संविधानाप्रमाणे चालतो. पण धर्मगुरूच्या शब्दाला घराघरात वजन असतं. कीर्तनकार, फादर, मौलाना जे बोलतात ते आई-वडील ऐकतात. त्यामुळे त्यांनी काय बोलायचं ठरवलं, यावर कुणाचं तरी घर टिकतं किंवा मोडतं."

इतिहासात चांगल्या धर्मगुरूंनी केलेली कामं मोजली तर चारच आहेत : आधी ऐकलं, छळ होताना साक्ष दिली, बसायला जागा दिली, आणि दुःखात सोबत केली. यातलं एकही काम करायला आपलं मत पूर्ण बदलावं लागत नाही.

शिक्षक आणि पालकांसाठी थोडंसं

ही चार कामं शाळेतही करता येतात. वर्गात "बायल्या" म्हणून कुणाला चिडवलं तर "चालतंच" म्हणून सोडून देऊ नका. एखाद्या मुलाने विश्वासाने काही सांगितलं तर त्याच्या परवानगीशिवाय ते घरी किंवा स्टाफरूममध्ये सांगू नका.

पालकांना एक कळकळीची विनंती. मुलाला "बरं करायला" कुठल्या बाबाकडे, अंगारे-धुपारे करणाऱ्याकडे किंवा "उपचार" करतो म्हणणाऱ्या डॉक्टरकडे नेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून काढलं आहे, आणि असे "उपचार" करणं हे आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरवलं आहे. मूल फारच खचलेलं वाटलं तर टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, लहान मुलांसाठी १०९८ आहे. आणि देवाधर्माचा आधार हवा असेल तर जरूर घ्या, पण अशा माणसाकडे जा जो आधी तुमच्या मुलाचं ऐकून घेईल.

वर्गात चर्चेसाठी प्रश्न

१. पाप आणि गुन्हा यांत फरक काय? रोजच्या जगण्यातली दोन उदाहरणं द्या.
२. सॅन फ्रान्सिस्कोच्या पाद्र्यांच्या साक्षीला एवढं महत्त्व का मिळालं? आपल्या गावात कुणाच्या शब्दाला असं वजन आहे?
३. एखादी गोष्ट आपल्याला पटत नसतानाही दुसऱ्याच्या हक्काच्या बाजूने उभं राहता येतं का?

तिसऱ्या प्रश्नावर मुलांना भरपूर बोलू द्या. घाई करू नका. आणि चर्चा चालू असताना एकदा मागच्या बाकांकडेही नजर टाका. तिथे कुणीतरी न हसता ऐकत असेल.